फिरते तारांगण आणि ‘तुम्ही तेव्हा कुठे होता?’

सिंदेवाही तालुक्यातील आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत यंदा जानेवारीच्या अखेरीस फिरते तारांगण आले होते. शाळा व्यवस्थापन समितीच्या वतीने ही सेवा ठरवण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे बोलणी, जागा, वीज, पैसे आणि प्रत्यक्ष प्रयोग हे सर्व मला जवळून पाहता आले. अशी सेवा देणारी खासगी मंडळी आता तालुक्या-तालुक्यांत फिरत असतात आणि त्यांचे साहित्यही पुष्कळसे सारखेच असते, म्हणून कोणाचे नाव न घेता सेवेविषयीच लिहीत आहे. दिवसा विद्यार्थ्यांसाठी आकाशदर्शनाचे प्रयोग आणि सायंकाळी गावकऱ्यांसाठी एक वेगळा प्रयोग, असे आम्ही ठरवले होते. सायंकाळसाठी अंतराळ दुर्घटनांवरील चित्रफीत मुद्दाम मागवली. कारण अमेरिकेच्या अपोलो-1 यानातील आग (27 जानेवारी 1967), चॅलेंजर या अंतराळयानाचा अपघात (28 जानेवारी 1986) आणि कोलंबिया या अंतराळयानाचा अपघात (1 फेब्रुवारी 2003) या तिन्हींचे स्मरण याच आठवड्यात येते. हे परीक्षण मुख्यतः त्या सायंकाळच्या प्रयोगाचे आहे.

प्रथम व्यवस्थेविषयी. काळ्या अस्तराचा कापडी घुमट पंख्याने हवा भरून उभा केला जातो, एका बाजूच्या बोगद्यासारख्या तोंडातून वाकून आत शिरायचे असते आणि सतरंजीवर पाठ टेकून वर पाहायचे असते. प्रोजेक्टरची प्रतिमा बहिर्वक्र आरशावर पडून संपूर्ण घुमटभर पसरते. एका वेळी पंचवीस-तीस मुले आरामात मावतात. मोठी माणसे असली तर वीसच समजावीत. दर विद्यार्थ्यामागे 50 रुपये असला, तरी किमान 200 विद्यार्थ्यांची अट असते. आमच्या शाळेचा पट तेवढा नसल्याने शेजारच्या गावांतील शाळा जोडून घ्याव्या लागल्या. घुमटाची उंची वर्गखोलीच्या छताला पेलत नाही, त्यामुळे समाजमंदिर मोकळे करून घ्यावे लागले. पंखा थांबला की घुमट प्रेक्षकांच्या अंगावर हळूहळू बसू लागतो, म्हणून अखंड वीज हवी. आणि जनरेटर यजमानांनी भाड्याने आणावयाचा असतो, ही गोष्ट आम्हाला सामान उतरवताना सांगण्यात आली. ती फोनवर सांगितली असती तर ऐनवेळची धावपळ आणि जास्तीचे भाडे दोन्ही वाचले असते.

दिवसाच्या प्रयोगांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण ते उत्तम झाले. निवेदक तरुण होते, मुलांशी बोलण्याची त्यांना हातोटी होती, आणि त्यांनी मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका ही आपली नावे वापरून आकाश दाखवले. आमच्याकडे रात्री अजून बऱ्यापैकी काळोख असतो. त्यामुळे घुमटात पाहिलेला मृग मुलांना त्याच सायंकाळी शाळेच्या पटांगणात खरा पाहता आला. शहरातील तारांगणाला हे सुख देता येणार नाही.

सायंकाळची चित्रफीत साधारण पाऊण तासाची होती. मूळ इंग्रजी चित्रफितीवर मराठी आवाज चढवलेला होता, तो आवाज सतत कापरा ठेवलेला होता आणि मागे सनईसारखे काहीतरी वाजत राहत होते. दुर्घटनेत माणसे गेली आहेत हे प्रेक्षकाला ठाऊक असते. त्याला ते दर मिनिटाला वाद्याने बजावण्याची गरज नसते. अपोलो-1 चा भाग त्या मानाने संयत आणि चांगला होता. जमिनीवरच्या सरावात, जास्त दाबाच्या शुद्ध प्राणवायूने भरलेल्या कुपीत आग लागली, दार आतल्या बाजूला उघडणारे असल्यामुळे ते वेळेत उघडता आले नाही, आणि ग्रिसम, व्हाइट व शॅफी हे तिघे उड्डाणाआधीच गेले, हे अवघ्या चार-पाच मिनिटांत स्पष्ट होते.

सोव्हिएत अपघातांचा मात्र चित्रफितीत उल्लेखही नाही, आणि ही उणीव लहान नव्हे. 24 एप्रिल 1967 रोजी सोयूझ-1 परतताना मुख्य पॅराशूट नीट उघडले नाही आणि व्लादिमीर कोमारोव यांचा मृत्यू झाला. 30 जून 1971 रोजी सोयूझ-11 जमिनीवर व्यवस्थित उतरले, पण दार उघडल्यावर आतील तिघेही मृत आढळले. यानाचे भाग एकमेकांपासून सुटताना एक झडप अवेळी उघडली होती, आतली हवा निसटून गेली होती आणि त्यांच्या अंगावर दाबरोधक पोशाख नव्हते. प्रत्यक्ष अंतराळात मृत्यू पावलेली माणसे आजवर तेवढीच तीन आहेत. अंतराळ दुर्घटनांवर पाऊण तास बोलायचे आणि त्यांचे नावही घ्यायचे नाही, याला काय म्हणावे?

चॅलेंजरच्या भागात या सेवेचे सर्वात मोठे सामर्थ्य दिसले, आणि ते पडद्यावर नव्हते. चित्रफीत थांबवून निवेदकांनी एका थर्मासमधून बर्फाचे पाणी पेल्यात ओतले, चिमट्यात दाबलेली रबराची कडी त्यात बुडवून ठेवली, आणि काही वेळाने बाहेर काढून चिमटा सैल केल्यावर ती कडी लगेच पूर्ववत फुगत नाही हे विजेरीच्या उजेडात सर्वांना दाखवले. चौकशी आयोगासमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी 1986 च्या फेब्रुवारीत केलेला हाच प्रयोग. उड्डाणाच्या दिवशी फ्लोरिडात थंडीची लाट होती, उजव्या घन इंधन रॉकेटच्या सांध्यातील रबरी कडी त्या थंडीत ताठरली, तिच्या फटीतून तप्त वायू बाहेर पडला आणि उड्डाणानंतर 73 सेकंदांनी यान सुमारे 14 किलोमीटर उंचीवर मोडून पडले. माझ्या शेजारी बसलेल्या पंपदुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींनी पेला पाहताच मान डोलावली. त्यांना पुढचे काही समजावून सांगावे लागले नाही. ज्यांनी हे प्रात्यक्षिक बसवले त्यांचे मनापासून कौतुक.

तथापि त्याच भागातून दोन गोष्टी गळाल्या. ते घन इंधन रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतील अभियंत्यांनी आदल्या रात्री थंडीमुळे उड्डाण करू नये असा आग्रह धरला होता आणि तो त्यांच्याच वरिष्ठांनी मागे घेतला, हे सांगितल्याशिवाय रबराची गोष्ट अर्धीच राहते. दुसरी गोष्ट आपल्या देशाशी संबंधित आहे. ऑगस्ट 1983 मध्ये आपला इन्सॅट-1बी हा उपग्रह याच चॅलेंजर यानाने अंतराळात नेला होता, आणि दूरदर्शन देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले त्यात त्या उपग्रहाचा मोठा वाटा होता. शिवाय 1986 मध्ये इस्रोच्या पी. राधाकृष्णन व एन. सी. भट या दोघांपैकी एकाने अमेरिकी शटलमधून जायचे ठरले होते. चॅलेंजरनंतर ते उड्डाण रद्द झाले. मराठी आवाज चढवण्याचा खर्च केलाच होता, तर एवढी चार वाक्ये घालणे अवघड नव्हते.

कोलंबियाचा भाग सर्वात लांब, सर्वात भावुक आणि सर्वात सदोष होता. या यानातून गेलेल्या भारतीय वंशाच्या अंतराळवीर कल्पना चावला यांचे कर्नालमधील बालपण, चंदीगडमधील शिक्षण, अमेरिकेतील डॉक्टरेट आणि 1997 मधील पहिले उड्डाण इथपर्यंत सगळे ठीक आहे. त्यानंतर पडद्यावर यानाचा स्फोट होतो, एक प्रचंड अग्निगोल दिसतो आणि निवेदनात सांगितले जाते की यान परतणार नाही हे नासाला आधीच ठाऊक होते, पण अंतराळवीरांना ते कळू दिले नाही. हा मजकूर गेली काही वर्षे मोबाइलवर फिरत आहे. तो शाळेच्या कार्यक्रमात अधिकृत आवाजात ऐकवला जाणे मला गंभीर वाटते.

घडले ते असे. 16 जानेवारी 2003 रोजी उड्डाणानंतर सुमारे 82 सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरील फेसाचा, म्हणजे थंडावा टिकवणाऱ्या आवरणाचा, एक तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. त्या तुकड्याचे वजन किलोभरही नव्हते. खाली काही अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रे मिळवण्याची मागणी केली, पण व्यवस्थापनाने ती पुढे नेली नाही. फेस याआधीही अनेकदा सुटला होता आणि याने सुखरूप परतली होती, त्यामुळे या आघातानेही फार बिघडणार नाही असे गृहीत धरले गेले. अंतराळवीरांना या आघाताची माहिती ई-मेलने कळवण्यात आली होती आणि काळजीचे कारण नाही असेही त्याच पत्रात होते. परतताना पंखाच्या पुढच्या कडेवर सुमारे 1,600 अंश सेल्सिअसपर्यंत ताप चढतो. फेसाच्या आघाताने तेथे पडलेल्या भोकातून तप्त वायू आत शिरला, पंखाचा सांगाडा आतून वितळला, आणि सुमारे 60 किलोमीटर उंचीवर, ध्वनीच्या जवळपास अठरापट वेगाने जात असताना, यानाचा तोल जाऊन ते टेक्सासवर तुकडे-तुकडे झाले. यात कटही नव्हता आणि पडद्यावर दिसला तसा अग्निगोलही नव्हता. सवयीने आलेला निर्धास्तपणा होता, आणि चौकशी मंडळाने ऑगस्ट 2003 च्या अहवालात फेसाइतकाच दोष त्या कार्यपद्धतीला दिला. ‘नासाला ठाऊक होते’ हे वाक्य ऐकून प्रेक्षक संतापतो आणि विषय संपतो. खरे कारण ऐकले तर त्याला आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीवरची गंजलेली शिडी आठवू शकते.

चित्रफीत संपल्यावर दिवे लावून निवेदकांनी विचारले, “कल्पना चावलांची बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता?” हा प्रश्न त्यांच्या कार्यक्रमाचा ठरलेला भाग आहे. मला त्याचा संकोच वाटला होता, पण प्रत्यक्षात समाजमंदिर बोलू लागले. घुमटाबाहेर वाट पाहणारी माणसेही आत डोकावू लागली.

एक ज्येष्ठ गृहस्थ थेट चॅलेंजरपाशी गेले. “आमी तं नाटक पाहून राहिलो होतो जी,” ते म्हणाले, “सकाळी रेडिओवर समजलं.” झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, जानेवारी म्हणजे शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्रभर चालणारी नाटके, हे येथील कोणालाही सांगावे लागत नाही. चॅलेंजर मोडले तेव्हा भारतात 28 जानेवारीच्या रात्रीचे दहा वाजून गेले होते. त्या वेळी नाटकाचा पडदा नुकताच वर जात असणार, आणि बातमी सकाळच्या आकाशवाणीवरच कळणार. त्यांची आठवण घड्याळाशी अचूक जुळत होती. त्यांच्याच बरोबरीच्या दुसऱ्या गृहस्थांनी मात्र ते यान आपल्या गावावर पडेल म्हणून लोक घराबाहेर झोपले होते असे सांगितले. ती भीती स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकाची होती. ते प्रकरण 1979 च्या जुलैतले, आणि त्याचे अवशेष शेवटी हिंदी महासागरात व ऑस्ट्रेलियात पडले.

कोलंबियाविषयी आठवणी अधिक होत्या आणि अधिक गुंतागुंतीच्या होत्या. अंगणवाडीतील एका ताईंनी सांगितले की त्या तेव्हा दहावीत होत्या, वीज गेलेली होती, चुलीपुढे बसून त्या पाढे म्हणणाऱ्या धाकट्या भावाकडे लक्ष देत होत्या, आणि वडील दुकानातून परतताना बातमी घेऊन आले. एका शिक्षकांना ती बातमी शाळेत त्याच दिवशी परिपाठाच्या वेळी सांगितल्याचे आणि सर्वांनी उभे राहून श्रद्धांजली वाहिल्याचे स्पष्ट आठवत होते. आणखी एकांनी ती सातच्या मराठी बातम्यांत पाहिली होती. निवेदक प्रत्येकाला “वा, छान!” म्हणत पुढे जात राहिले.

येथेच या सेवेने हातची संधी घालवली असे माझे मत आहे. कोलंबियाशी संपर्क तुटला आणि ती मोडली तेव्हा भारतात शनिवार, 1 फेब्रुवारीच्या सायंकाळचे साडेसात होत होते. पावणेसातला यानाने परतीसाठी वेग कमी केला, तोही हिंदी महासागरावर असताना. सातच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा सातही अंतराळवीर सुखरूप होते. शनिवारची शाळा सकाळची असते, म्हणजे त्या दिवशीच्या परिपाठात ही बातमी येणे शक्यच नाही. ती श्रद्धांजली सोमवारी, 3 फेब्रुवारीला झालेली असणार. ताईंची चूल, काळोख आणि दुकानातून येणारे वडील मात्र वेळेत नीट बसतात. घुमटाच्या पडद्यावर पृथ्वीचा गोल फिरवून अमेरिकेतील सकाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सायंकाळ एकत्र दाखवणे त्यांच्या यंत्राला सहज जमले असते. तसे केले असते तर कोणाचाही अवमान न होता प्रत्येकाने आपली आठवण स्वतःच तपासली असती.

अशा आठवणी पक्क्या वाटतात म्हणून त्या खऱ्याच असतात असे नाही, आणि ही गोष्ट चॅलेंजरच्याच निमित्ताने तपासली गेली आहे. उल्रिक नायसर व निकोल हार्श या मानसशास्त्रज्ञांनी अपघाताच्या दुसऱ्याच सकाळी अमेरिकेतील विद्यार्थ्यांकडून त्यांना बातमी कशी कळली ते लिहून घेतले आणि अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या काहींना तेच प्रश्न पुन्हा विचारले. अनेकांची उत्तरे बदललेली होती, काहींची तर पूर्णपणे, आणि तरी त्यांचा आत्मविश्वास दांडगा होता. स्वतःच्या हस्ताक्षरातील जुना कागद समोर ठेवल्यावरही नव्या आठवणी हलल्या नाहीत. परिपाठ आठवणाऱ्या शिक्षकांनी खोटे काही सांगितले नव्हते. शोक शाळेत व्यक्त झाला, म्हणून बातमीही शाळेत जाऊन बसली. निवेदकांनी एवढे सांगितले असते, तर हा प्रश्न हळवेपणाच्या पुढे गेला असता.

चर्चेला खरे वळण मिळाले ते आठवीतल्या एका मुलामुळे. त्याने विचारले, “सर, गुढीपाडव्याच्या दिवशी आपल्याकडे पडलं होतं, तसंच ते होतं का?” निवेदक बाहेरगावचे असल्याने गोंधळले, आमच्या तालुक्यात मात्र हा प्रश्न कोणालाही कळतो. 2 एप्रिल 2022 रोजी सायंकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे रांगेने शेपट्या सोडत गेले, लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले आणि तालुक्यात इतरत्र धातूचे गोल सापडले. ते चीनच्या चांग झेंग-3बी रॉकेटचे अवशेष असावेत असे जाणकारांनी सांगितले. ‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ या प्रश्नाला येथे मग ऐकीव उत्तरे राहिलीच नाहीत. कोणी अंगणात पुरणपोळीच्या पंगतीला बसले होते, कोणी मोहफुले वेचण्याच्या पहाटेच्या तयारीत होते, कोणी मोटरसायकल थांबवून मोबाइलवर चित्रण केले होते, आणि त्या चित्रणावर वेळही उमटलेली होती.

त्या मुलाचा प्रश्न नेमका होता आणि त्याचे उत्तर होकारार्थी आहे, मधला एक भेद सोडला तर. अवकाशातून प्रचंड वेगाने परतणारी वस्तू हवेत घुसली की तिच्यापुढची हवा दबून तापते, आणि जे टिकाव धरू शकत नाही ते उजळत, तुटत खाली येते. टेक्सासमधील लोकांनी 2003 मध्ये निळ्या सकाळच्या आकाशात पाहिल्या त्या रेषा आणि आम्ही पाडव्याला पाहिल्या त्या रेषा एकाच कारणाने उमटल्या होत्या. भेद एवढाच की आमच्या आकाशातून गेले ते रिकामे रॉकेट होते. कोलंबियाचे अवशेषही शेतांत आणि रानांत पडले. हजारो माणसांनी ओळीने चालत ते वेचले, 84,000 हून अधिक तुकडे गोळा झाले आणि त्यांच्या मांडणीवरून दोष डाव्या पंखाचा हे सिद्ध झाले. लाडबोरीचे कडे ज्यांनी जवळून पाहिले होते, त्यांना तुकडे वेचण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागले नाही. हा भाग चित्रफितीत नव्हता, तो प्रेक्षकांनी आणला, आणि निवेदकांनी समंजसपणे आपले ठरलेले भाषण बाजूला ठेवून तो चालू दिला. याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

आणखी एका उणिवेचा उल्लेख करतो. कोलंबियानंतर चारच दिवसांनी, 5 फेब्रुवारी 2003 रोजी, पंतप्रधान वाजपेयी यांनी आपल्या मेटसॅट या हवामान उपग्रहाला ‘कल्पना-1’ हे नाव दिले. पुढे अनेक वर्षे मोसमी ढगांची छायाचित्रे या उपग्रहाकडून येत राहिली. समोर बसलेल्या धान उत्पादकांना त्या नावाशी असलेले आपले नाते सांगण्यासाठी यापेक्षा जवळचा धागा सापडणार नाही.

एकूण मत असे की दिवसाच्या आकाशदर्शनासाठी ही सेवा निःशंक बोलवावी. 50 रुपयांत ग्रामीण शाळेला इतके चांगले काही क्वचितच मिळते. सायंकाळचा प्रयोग बोलवताना मात्र चित्रफीत आधी मागवून शिक्षकांनी पाहावी, कोलंबियाच्या भागातील ते ‘आधीच ठाऊक होते’चे निवेदन बंद करून त्या जागी कोणीतरी प्रत्यक्ष बोलावे, आणि रबराच्या कडीचे प्रात्यक्षिक काही झाले तरी वगळू देऊ नये. चर्चेसाठी घुमटाबाहेर, पटांगणात बसणे अधिक सोयीचे होईल, कारण आत तासाभराने उकाडा होतो आणि पंख्याच्या आवाजात वयस्कांचे बोलणे नीट ऐकू येत नाही. या सर्व सूचना आम्ही लेखी कळवल्या आहेत. निवेदनात दुरुस्ती करण्याचे त्यांनी मान्य केले असून जनरेटरचे भाडे पुढील खेपेस निम्मे-निम्मे वाटून घेण्याविषयी बोलणी चालू आहेत.